नाव खंडाचे, अभ्यास भाषेचा

साशंक : अमेरिकेतील महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बहुधा कोणत्याही शाखेचा शिक्का न घेता येतो, दीड-दोन वर्षे निरनिराळ्या विषयांचे वर्ग करून पाहतो आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस आपला मुख्य विषय, म्हणजे ‘मेजर’, कागदोपत्री जाहीर करतो. मराठीत विषय ‘घेतला’ जातो, तिथे तो ‘जाहीर’ केला जातो, आणि खरी अडचण या क्रियापदातच आहे. कारण जाहीर करणे म्हणजे आपण कशाचे अभ्यासक होणार हे चारचौघांत सांगणे. इतिहास किंवा रसायनशास्त्र जाहीर करणाऱ्याला ते सांगता येते. ‘एशियन स्टडीज’, म्हणजे आशियाविषयक अभ्यास, जाहीर करणाऱ्या विद्यार्थिनीने नेमके काय सांगितले? जगातील निम्म्याहून अधिक माणसे ज्या खंडात राहतात तो सगळा खंड दहा-बारा अभ्यासक्रमांत बसवण्याचे तिने कबूल केले, असाच त्याचा अर्थ होतो. शिवाय हे नाव त्या खंडातल्या कोणी स्वतःला दिलेले नाही. भूमी एकच असताना तिला तीन वेगवेगळ्या स्त्रियांची नावे का पडली हे उमगत नाही, असे हेरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच लिहून ठेवले आहे. त्या कोड्यातल्या तीन नावांपैकी एकावर आज पदवी दिली जाते.

पुरस्कर्ता : नाव बाहेरून आले ही गोष्ट खरी आहे, पण बाहेरून आलेल्या नावाखाली आतली माणसे एकमेकांना ओळखत नव्हती असे त्यातून सिद्ध होत नाही. एक ग्रंथ उदाहरणादाखल घेता येईल. बौद्ध साधनामार्गाचे विवेचन करणारा ‘विमुत्तिमग्ग’ हा उपतिस्साचा ग्रंथ मूळ पालीत संपूर्ण स्वरूपात हाती लागत नाही. तो समग्र वाचायचा तर सहाव्या शतकातील चिनी भाषांतराकडे जावे लागते. हे भाषांतर करणारा संघपाल हा भिक्षू फुनानचा, म्हणजे आजचा कंबोडिया आणि त्यालगतचा दक्षिण व्हिएतनाम या भागातला होता आणि त्याने ते काम चीनमध्ये केले. त्याच परंपरेतला ‘विसुद्धिमग्ग’ हा बुद्धघोषाचा ग्रंथ श्रीलंकेत रचला गेला. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून त्यांचे नाते तपासणारे पुस्तक १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध झाले आणि ते पु. वि. बापट यांचे होते. पालीसोबत चिनी येत नसती, तर बापटांना हा प्रश्न मांडताही आला नसता. श्रीलंका, फुनान, चीन आणि पुणे यांना जोडणारी ही वाट कोणत्याही एका देशाच्या इतिहासात मावत नाही, आणि अशा वाटांसाठी विद्यापीठात कुठेतरी एक खोली असावी लागते. तिच्या दारावर ‘आशिया’ लिहिले आहे, इतकेच.

साशंक : हे उदाहरण फार चांगले आहे, पण ते उलट बाजूचीच साक्ष देते. बापटांच्या आधीच्या पिढीतले धर्मानंद कोसंबी यांना गोव्यातल्या साखवाळ गावातून बाहेर काढले ते आशियाच्या कुतूहलाने नव्हे. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यायचा ही एकच तळमळ त्यांना घेऊन निघाली, तिच्यापायी ते श्रीलंकेला गेले, ब्रह्मदेशात गेले, भिक्षू झाले, पाली शिकले, पुढे हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाला बसले, आणि त्या संपादनाची प्रत हार्वर्डच्या प्राच्यविद्या मालेत १९५० साली, त्यांच्या निधनानंतर, छापली गेली. त्यांच्याजवळ प्रश्न होता आणि प्रश्नाने त्यांना देश दाखवले. मेजरचा फॉर्म मात्र हा क्रम उलटा करतो. आधी खंड निवडा, मग त्यात प्रश्न शोधा. पूर्व आशियाचा एक वर्ग, दक्षिण आशियाचा एक, आग्नेय आशियाचा एक, धर्माचा एक, राजकारणाचा एक, अशी थाळी वाढली की विद्यार्थिनीला सगळ्याची चव कळते आणि पोट कशानेच भरत नाही.

पुरस्कर्ता : वयाचा विचार केला पाहिजे. कोसंबींजवळ जी तळमळ होती ती एकोणीस-वीस वर्षांच्या प्रत्येकीजवळ असेल अशी अपेक्षा ठेवून कोणतेही विद्यापीठ चालवता येणार नाही. आणि ती असली तरी तिच्यासाठी घर, संसार आणि प्रकृती पणाला लावण्याची पाळी कोणावर येऊ नये, म्हणूनच तर संस्था उभ्या करायच्या असतात. कोसंबींना पालीसाठी समुद्र ओलांडावा लागला. आज एखाद्या मुलीला सकाळी नऊच्या वर्गात चिनी आणि दुपारी संस्कृत शिकता येते, ते तिचा प्रवास कोणीतरी आधी करून ठेवला म्हणून. थाळीचा आक्षेप मात्र मान्य करावा लागेल, आणि त्यावर उतारा एकच आहे : भाषा. जिथे हा मेजर नीट चालतो तिथे किमान दोन वर्षे, बहुधा त्याहून जास्त, एका भाषेचा अभ्यास सक्तीचा असतो. बाकीचे वर्ग त्या भाषेभोवतीच बांधायचे असतात.

साशंक : भाषेचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे, कारण या चर्चेत तो बहुतेक वेळा टाळला जातो. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षणसंस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, आणि कामकाज चालवता येईल इतक्या प्रावीण्यासाठी इंग्रजीभाषकाला किती तास लागतात याचा तिचा अनुभवसिद्ध अंदाज आहे. चिनी, जपानी आणि कोरियन यांना सुमारे २२०० तास. हिंदीला सुमारे ११०० तास. महाविद्यालयात आठवड्याला पाच तास आणि वर्षाला तीस आठवडे धरले तर वर्षाचे दीडशे तास होतात. म्हणजे पहिल्या दिवसापासून चारही वर्षे एकही वर्ग न चुकवणाऱ्या विद्यार्थिनीचे सहाशे तास भरतात. जपानीच्या बाबतीत ती पाव वाटेवर आहे, हिंदीच्या बाबतीत निम्म्याच्या थोडी पुढे. आणि सक्तीची दोनच वर्षे केली असतील, तर हे आकडेही निम्म्यावर येतात. तरीही पदवीपत्रावर लिहिलेले असते ‘आशिया’. तिला ना चिनी वर्तमानपत्र वाचता येते, ना अर्थशास्त्राचा विद्यार्थी करतो तसे आकड्यांचे विश्लेषण करता येते. मग तिने इतिहास किंवा अर्थशास्त्र हा मेजर घेऊन सोबत तीच भाषा शिकण्यात काय गमावले असते? ज्ञानशाखा म्हणजे पुरावा तपासण्याची एक रीत. प्रदेशाला अशी रीत नसते.

पुरस्कर्ता : एवढ्या तासांत काय होते आणि काय होत नाही, हे एका शब्दाच्या आधारे पाहावे. समजा, दोन वर्षे हिंदी शिकलेली एक विद्यार्थिनी शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी डॉ. आंबेडकरांच्या चळवळीकडे वळली आणि मूळ मराठी मजकुरात तिला ‘महार वतन’ हे शब्द भेटले. हिंदी शब्दकोश तिला सांगेल की वतन म्हणजे मायभूमी, जन्मभूमी. हा अर्थ धरून ती पुढे गेली, तर महारांनी वतन सोडावे या म्हणण्याचा अर्थ देशत्याग असा होऊन बसतो आणि सारा प्रबंध कोसळतो. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्रात वतन म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेला हुद्दा, त्याची कामे आणि त्याबदल्यात मिळणारे हक्क : पाटलाचे वतन, कुलकर्ण्याचे वतन, आणि उतरंडीच्या तळाशी महाराचे वतन, ज्यात सरकारी निरोप गावोगाव पोचवण्यापासून मेलेली जनावरे ओढण्यापर्यंतची बिनबोभाट राबणूक होती आणि मोबदला म्हणून जमिनीचा लहानसा तुकडा आणि गावकऱ्यांनी घातलेले बलुते. हीच बेडी तोडण्यासाठी १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडले, आणि ही कनिष्ठ वतने प्रत्यक्षात रद्द होण्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला. आता प्रश्न असा की ही चूक कोणाच्या लक्षात येईल? इतिहास हा मेजर घेऊन केवळ इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्याला हा शब्द भेटणारच नाही. तिथे ‘गावातील वंशपरंपरागत हुद्दा’ असे गुळगुळीत भाषांतर आधीच करून ठेवलेले असेल आणि शब्दाची ठेच त्याच्या पायाला लागणार नाही. जिला ठेच लागली ती शिक्षकांकडे जाईल, शब्द मूळचा अरबी आहे हे तिला कळेल, फारसीत आणि तुर्कीत त्याला मायदेशाचा अर्थ कसा चढला, दख्खनच्या सुलतानी दफ्तरांत तोच शब्द हक्काच्या हुद्द्याला कसा चिकटला, हे ती शोधू लागेल. ज्याला आपण रीत म्हणालात, ती हीच. पुरावा तपासण्याची सुरुवात शब्दाशी अडखळण्यापासून होते.

साशंक : वाट दाखवली ती खरी आहे. पण त्या विद्यार्थिनीला ती वाट प्रत्यक्षात चालता येईल का, हेही पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट, ती हिंदी घेऊन मराठीकडे आली, कारण ‘दक्षिण आशिया’ या नावाखाली बहुतेक ठिकाणी हिंदी-उर्दू हीच भाषा मिळते. चूक तिच्या आळसातून झाली नाही. एका भाषेने सगळा उपखंड कळतो, ही समजूत मेजरच्या रचनेनेच तिच्या मनात रुजवली. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वतन शब्दाचा माग काढायला तिला अरबी, फारसी किंवा तुर्की जाणणाऱ्या शिक्षकाकडे जायचे आहे, आणि तो शिक्षक बहुधा दुसऱ्या इमारतीत आहे, कारण अमेरिकी विद्यापीठांत पश्चिम आशियाचा समावेश सहसा आशियात होत नाही. तो ‘मध्यपूर्व’ या वेगळ्या विभागात जातो. ज्या खोलीच्या दारावर आशिया लिहिले आहे, तिच्यात निम्मा आशिया नाही. तिच्या भिंती ज्ञानाच्या गरजेने घातलेल्या नसून अमेरिकी शासनाच्या नकाशाने घातल्या आहेत. १९५७ साली सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला, १९५८ साली अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला, आणि त्याच्या सहाव्या प्रकरणाखाली परकीय भाषा आणि प्रदेशविषयक केंद्रांना पैसा मिळू लागला. कायद्याच्या नावात शिक्षणाआधी ‘संरक्षण’ येते. अमेरिकेतील आशिया-अभ्यासकांच्या संघटनेनेही आपल्या नावातील ‘अतिपूर्व’ काढून ‘आशिया’ हा शब्द घातला तो १९५६ साली. विद्यार्थिनी जे नाव जाहीर करते आहे, त्याला या अर्थाने शंभर वर्षेदेखील झालेली नाहीत.

पुरस्कर्ता : पैसा शीतयुद्धाचा होता हे नाकारण्यात काहीच अर्थ नाही. पण पैसा देणाऱ्याच्या हेतूवरून शिकणाऱ्याने काय केले हे ठरत नाही. १९६८ साली व्हिएतनाम युद्धाला विरोध करण्यासाठी आशियाच्या तरुण अभ्यासकांनी स्वतंत्र समिती उभारली आणि आपल्याच विषयाच्या धुरिणांना जाब विचारला. ज्या भाषा त्यांना शासनाच्या सोयीसाठी शिकवल्या गेल्या, त्याच भाषांतून त्यांनी शासनाचे खोटेपण वाचले. मराठीपुरते बोलायचे तर एलिनॉर झेलियट यांचे नाव पुरेसे आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी आंबेडकर आणि महार चळवळ यांवर प्रबंध लिहिला आणि १९६९ साली पदवी मिळवली. त्या काळात पाश्चात्त्य विद्यापीठांना हा विषय संशोधनाचा वाटावा अशी फारशी परिस्थिती नव्हती. पुढे त्यांनी मिनेसोटातल्या कार्लटन या लहानशा महाविद्यालयात दीर्घकाळ पदवीपूर्व विद्यार्थ्यांनाच शिकवले. अशा महाविद्यालयांच्या एका संघातर्फे मुले-मुली पुण्याला येऊन मराठी शिकत, आणि त्यांना मराठी शिकवणाऱ्या मॅक्सीन बर्नसन फलटणला स्थायिक झाल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि तिथल्या मुलांना लिहा-वाचायला शिकवण्याच्या कामात त्यांनी आयुष्य घातले. संरक्षण कायदा करणाऱ्यांच्या मनात फलटण असणे शक्य नव्हते.

साशंक : झेलियट आणि बर्नसन यांच्याविषयीचा आदर दोन्ही बाजूंना सारखाच आहे. मात्र जी माणसे रचनेला पुरून उरली, त्यांचे श्रेय रचनेला देणे बरोबर नाही. ग्रंथालयाचे उदाहरण याहून बोलके आहे. १९६० च्या दशकापासून अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांच्या कपाटांत मराठी कादंबऱ्या, कवितासंग्रह आणि नियतकालिके जमू लागली, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. त्यामागे गहू होता. पी. एल. ४८० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याखाली अमेरिकेने भारताला धान्य विकले, त्याची किंमत रुपयांत घेतली, आणि त्या रुपयांचा मोठा हिस्सा भारतातच खर्च करणे भाग असल्यामुळे त्यातून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन अमेरिकी ग्रंथालयांना पाठवली जाऊ लागली. रेशनच्या दुकानात आलेला तो गहू आठवणारी पिढी महाराष्ट्रात अजून आहे. त्या व्यवहाराचे दुसरे टोक म्हणजे शिकागोतल्या कपाटातली मराठी पुस्तके. एखाद्या भाषेचे वाङ्मय जगात कुठे वाचायला मिळेल हे जर धान्याच्या उधारीवर ठरत असेल, तर त्याच्या आधारे उभ्या राहिलेल्या विषयाला स्वतःच्या पायावर उभा राहिलेला विषय कसे म्हणायचे?

पुरस्कर्ता : कोणता विषय स्वतःच्या पायावर उभा राहिला, हा प्रश्न उलटही विचारता येईल. पण त्या वादात शिरण्यापेक्षा त्या कपाटासमोर उभ्या असलेल्या मुलीकडे पाहावे. आज ती बहुधा न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात वाढलेली असते. तिला घरी मराठी कळते, आजीशी मोडकेतोडके बोलता येते, लहानपणी रविवारी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जाऊन तिने बाराखडी गिरवलेली असते आणि नंतर सोडून दिलेली असते. तिच्या दृष्टीने कपाटातली पुस्तके गव्हाच्या बदल्यात आली की दानात आली, याने काही फरक पडत नाही. ती तिथे आहेत आणि तिला वाचता येत नाहीत, हे तिचे दुःख आहे. हा मेजर तिला सांगतो की हे दुःख घरगुती नाही, तो अभ्यासाचा विषय आहे, आणि त्याला तास, शिक्षक आणि श्रेयांक मिळू शकतात.

साशंक : त्या मुलीच्या बाबतीत गुंतागुंत आणखी वाढते. अमेरिकेत ‘एशियन’ हा शब्द केवळ प्रदेशाचा नाही, तो माणसांच्या वर्गवारीचाही आहे. १९१७ च्या कायद्याने नकाशावर रेघ ओढून आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना बंदी केली, आणि १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ ठरत नाही म्हणून त्याला नागरिकत्व नाकारले. त्या अन्यायाचा अभ्यास हा ‘एशियन अमेरिकन’ अभ्यास, आणि तो शासनाच्या पैशातून जन्मलेला नाही. तो सॅन फ्रान्सिस्को येथील महाविद्यालयात १९६८-६९ साली झालेल्या विद्यार्थ्यांच्या दीर्घ संपातून जन्मला. दोन्ही नावांत आशिया आहे, पण एक विषय बाहेर पाहतो आणि दुसरा घरात. मराठी घरातली मुलगी पहिल्यात शिरते तेव्हा तिला आपण कोण याचे उत्तर हवे असते, आणि तिथे तिला तांग राजवंशावर निबंध लिहायला मिळतो.

पुरस्कर्ता : तांग राजवंशावर निबंध लिहिताना तिला श्वान त्सांग भेटेल, आणि सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन इथल्या माणसांच्या स्वभावाविषयी लिहून ठेवणारा प्रवासी तोच आहे. आपण कोण याचे उत्तर कधीकधी परक्याच्या वहीत सापडते; घरात ते कोणी लिहून ठेवलेले नसते. पण इतकेच सांगून थांबणे पुरेसे नाही, कारण आपण दाखवलेला दोष खरा आहे. या मेजरने तिला श्वान त्सांग आणि वतन दोन्ही द्यावेत आणि दोन्हींपैकी कशाच्याही भाषेत ती प्रवीण होऊ नये, असे घडू शकते, आणि पुष्कळदा घडते. मग उपाय काय? नाव बदलून ‘मराठी’, ‘चिनी’, ‘तमिळ’ असे स्वतंत्र मेजर करावेत का?

साशंक : प्रामाणिकपणाच्या दृष्टीने तेच योग्य होईल. जी जे शिकली तेवढेच तिच्या पदवीवर लिहिले जाईल.

पुरस्कर्ता : आणि मग मराठीच्या वर्गात चार विद्यार्थी असतील, तमिळच्या वर्गात तीन असतील, आणि चार विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र विभाग कोणतेही विद्यापीठ चालवणार नाही. २०११ साली संघराज्य शासनाने या भाषा-प्रदेश केंद्रांच्या निधीत मोठी कपात केली, तेव्हाच दिसून आले की पहिली कुऱ्हाड कमी पटसंख्येच्या भाषांवर येते. चिनीला आणि जपानीला धक्का बसत नाही. मराठी शिकवणारी व्यक्ती आज अमेरिकेत ज्या मोजक्या ठिकाणी आहे, तिथे ती ‘दक्षिण आशिया’ किंवा ‘आशिया’ या मोठ्या नावाच्या आडोशानेच आहे. ते नाव खोटे आहे म्हणून काढून टाकले, तर खऱ्या नावाचे वर्ग त्याच्याआधी बंद होतील.

साशंक : म्हणजे विद्यार्थिनीने एक अपुरे नाव जाहीर करायचे, ते कशासाठी, तर त्याच्या आडोशाला एका शिक्षिकेची नोकरी आणि एक वर्ग टिकावा म्हणून. हा युक्तिवाद सहृदय आहे, पण त्याची किंमत विद्यार्थिनी भरते. तिथले शिक्षण महाग आहे, अनेकांच्या डोक्यावर कर्ज असते, आणि पदवीनंतर तिला विचारले जाईल की तुला काय येते. तेव्हा तिला आडोशाची गोष्ट सांगता येणार नाही. आणि आडोसा देणाऱ्या नावाखालीही जागा सारखी वाटली जात नाही. चिनी, जपानी आणि कोरियन यांना दालने मिळतात. मराठीला मिळतो तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि तिसऱ्या वर्षी शिक्षिका आपल्या सवडीने एकट्या विद्यार्थिनीला वाचायला शिकवते. ‘वतन’चा खरा अर्थ कळायला लागतो तो नेमका या तिसऱ्या वर्षी.

पुरस्कर्ता : तर मग फॉर्मवर दोन ओळी असाव्यात. पहिल्या ओळीत मेजरचे नाव, आणि दुसऱ्या ओळीत तिने कोणती भाषा, किती वर्षे आणि कुठल्या ग्रंथापर्यंत वाचली हे. पहिली ओळ संस्थेच्या सोयीसाठी राहील, दुसरी तिची स्वतःची असेल.

साशंक : दुसऱ्या ओळीत ‘मराठी, तीन वर्षे’ असे लिहिता यावे यासाठी तिसऱ्या वर्षाचा वर्ग कोणीतरी आधी सुरू केला पाहिजे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, ज्या दिवशी तिला फॉर्म भरायचा आहे, त्या दिवशी तो वर्ग वेळापत्रकात नाही.